न्यू जर्सीला जर्सी पाठवताना...

टीम इंडियाची जर्सी छापायची, वेबसाइट काढायची आणि जगभर विकायची. सोप्पंय की! आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग कॉटखाली त्रेचाळीस जर्सी येऊन बसल्या आणि अक्कल आली. स्पोर्ट्स मर्चंडाइजचं इंटरनॅशनल ऑनलाइन दुकान नेमकं चालतं कसं, त्याची ही गोष्ट.

तर झालं असं. २०२४ चा मे महिना. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप तोंडावर आलेला आणि या वेळी मॅचेस चक्क अमेरिकेत. ९ जूनला न्यूयॉर्कच्या नासाऊ काउंटी स्टेडियमवर भारत-पाकिस्तान. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाचा फोन आला. ‘अगं, आमचा आठ जणांचा ग्रुप मॅचला चाललाय. इथे जर्सी फार महाग पडतेय. तिकडून आठ पाठवशील का?’

मी ‘हो दादा’ म्हणून फोन ठेवला. शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती इचलकरंजीची, म्हणजे कापडाचा धंदा रक्तातच. ती म्हणाली, ‘आठ कशाला? साठ छापू. आठ दादाला, उरलेल्या ऑनलाइन टाकू. बाहेर राहणारी आपली माणसं काय कमी आहेत का?’

तिच्या आईला त्याच महिन्यात भिशी लागली होती. ‘काकू, दोन महिन्यांत परत करतो,’ असं मीही फोनवर छातीठोकपणे सांगितलं. एक जर्सी ३१० रुपयांना पडत होती. साठ जर्सी, १८ हजार ६०० रुपये. निळा रंग, केशरी खांदे, बोर्डाचा लोगो, त्याच्यावर एक स्टार. नेटवरून फोटो घेतला, छापणाऱ्याला पाठवला, आठवड्यात माल हातात. अगदी हुबेहूब. आम्ही स्वतःवरच जाम खूश.

पुढे तीन फटके बसले.

पहिला फटका कुरिअरचा. फॉर्मवर आम्ही ‘गिफ्ट’ लिहिलं. पार्सल मुंबईच्या हबवर अडलं. तिथून फोन आला, ‘मॅडम, आठ गिफ्ट, आठही सेम आणि साइज मात्र वेगवेगळे? आणि हा लोगो वापरायचं ऑथरायझेशन लेटर कुठाय?’ लेटर कुठलं असायला! पार्सल परत आलं. जाण्यायेण्यात पाचेक हजार गेले आणि दादाचा ग्रुप साध्या निळ्या टी-शर्टवर मॅच बघून आला. भारत सहा रन्सनी जिंकला, एवढंच समाधान.

दुसरा फटका भारत जिंकल्याचा! २९ जूनला आपण वर्ल्ड कप जिंकलो. रात्रभर आम्ही रस्त्यावर नाचलो आणि सकाळी वाटलं, आता हातोहात माल संपणार. पण आठवड्याभरातच टीमच्या नव्या जर्सीचा फोटो आला. लोगोवर दोन स्टार. २००७ चा एक, २०२४ चा दुसरा. आमच्या जर्सीवर एकच. कॉलेजमधल्या पोरांनी लगेच ओळखलं, ‘ए, ही जुनीये.’

तिसरा फटका निर्णायक. ज्या साइटवर आम्ही जर्सी लावल्या होत्या, तिथून ईमेल आला की ट्रेडमार्कच्या कारणावरून तुमचं लिस्टिंग काढलंय. तोपर्यंत १७ विकल्या गेल्या होत्या. उरल्या ४३. हिशोब केला तर पंधरा हजारांचा खड्डा. तोही आपल्या नाही, काकूंच्या पैशांचा.

तेव्हा आम्ही कुरिअरला, साइटला, नशिबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आता दोन वर्षांनी, इंटर्नशिपच्या निमित्ताने हा विषय नीट वाचायला घेतला आणि लक्षात आलं की चूक पूर्णपणे आमचीच होती. आम्हाला वाटत होतं, आम्ही कापड विकतोय. या धंद्यात कापड कोणीच विकत नाही. विकली जाते ती परवानगी.

बोर्ड लावला म्हणून सुटत नाही

आपल्यातल्या अनेकांना वाटतं की ‘ही ओरिजिनल नाही’ असं सरळ सांगून टाकलं की झालं. गिऱ्हाइकाला फसवलं नाही ना, मग प्रॉब्लेम काय?

हाच प्रश्न लंडनमध्ये एका माणसाने कोर्टात विचारला होता. मॅथ्यू रीड नावाचा विक्रेता १९७० पासून आर्सेनलच्या हायबरी स्टेडियमबाहेर स्टॉलवर स्कार्फ, शर्ट विकायचा. स्टॉलवर त्याने चक्क बोर्ड लावला होता की अधिकृत माल वेगळा सांगितला जातो, बाकीचा अधिकृत नाही. क्लबने केस केली. प्रकरण थेट युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं. २००२ मध्ये तिथे आणि २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टात निकाल क्लबच्या बाजूने लागला. थोडक्यात सांगायचं तर, खिशात बोर्ड नेता येत नाही. स्टॉलवरून उचललेला स्कार्फ उद्या मैदानात दिसला, की बघणाऱ्याला तो क्लबचाच वाटणार.

आपल्याकडचा कायदाही कडक आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. फॅशन स्ट्रीटवर ढिगाने मिळतं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. बनावट माल विकणाऱ्यांची नावंच माहीत नसतात, तेव्हा कोर्ट अनोळखी लोकांविरुद्धही आदेश देतं. अमेरिकेत अशा अनोळखी प्रतिवादीला ‘जॉन डो’ म्हणतात. आपल्या दिल्ली हायकोर्टात त्याचं नाव ‘अशोक कुमार’. म्हणजे आम्ही दोघी काही दिवस अशोक कुमार होतो!

बरं, लोगोची परवानगी मिळाली की काम झालं असंही नाही. पाठीवरच्या नावाचं काय? २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यावर ‘स्मृती, १८’ लिहिलेली जर्सी कोणाला नको होती? पण खेळाडूचं नाव आणि चेहरा वापरून धंदा करायचा तर तो हक्क वेगळा घ्यावा लागतो. २०१० मध्ये दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्या दुकानाविरुद्ध दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला होता. प्रसिद्ध माणसाची ओळख ही त्याची मालमत्ता आहे, ती विचारल्याशिवाय विकता येत नाही, हा त्यातला मुद्दा.

लायसन्स म्हणजे भाडेकरार

मग ही परवानगी, म्हणजे लायसन्स, असतं तरी कसं? मला ते भाड्याच्या फ्लॅटसारखं वाटलं. घर आपलं नसतं, पण राहता येतं. आणि मालक अटी घालतो.

काय विकणार? जर्सीचं लायसन्स म्हणजे कॅपचं लायसन्स नव्हे. मग आणि की-चेन तर आणखी वेगळे. कुठे विकणार? करारात देश लिहिलेले असतात. भारतापुरती परवानगी असेल आणि कॅनडातून ऑर्डर आली, तर वेबसाइटने ती घ्यायचीच नाही. कुठल्या मार्गाने? दुकानात, आपल्या साइटवर की दुसऱ्याच्या मार्केटप्लेसवर? आणि किती दिवस? करार संपला की उरलेला माल विकायला थोडी मुदत मिळते, मग खेळ खल्लास.

त्यात भाडं दोन प्रकारचं. प्रत्येक विक्रीमागे ठरावीक टक्के रॉयल्टी, आणि शिवाय मिनिमम गॅरंटी. म्हणजे माल विकला जावो न जावो, एवढी रक्कम द्यायचीच. छापण्याआधी नमुना पाठवून मंजुरी घ्यायची. निळ्या रंगाची छटा जरा चुकली तरी नमुना परत येतो. ओरिजिनल जर्सीवर होलोग्राम किंवा कोड असतो, तो याच व्यवस्थेतून येतो.

‘इंटरनॅशनल स्टोअर’ म्हणजे सगळीकडे कुरिअर करणारं दुकान, हा आमचा समज इथेच फुटला. खरं इंटरनॅशनल स्टोअर म्हणजे कुठे काय विकायचं नाही, हे ज्याला पक्कं माहीत आहे ते दुकान. अशा साइटवर तुम्ही देश बदललात की काही वस्तू गायब होतात. तो बग नसतो, करार असतो.

मॉलमधल्या दुकानापासून

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे फॅनॅटिक्स. त्याची सुरुवात फार छोटी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलजवळच्या एका मॉलमध्ये ट्रेगर बंधूंनी ‘फुटबॉल फॅनॅटिक्स’ नावाचं दुकान काढलं. त्याच वर्षी जॅक्सनव्हिलची नवी टीम, जॅग्वार्स, एनएफएलमध्ये उतरली होती. शहरात नवी टीम म्हणजे नवे चाहते. टायमिंग परफेक्ट.

पुढे दुकान ऑनलाइन गेलं. २०११ मध्ये मायकल रुबिन यांच्या जीएसआय कॉमर्सने ते घेतलं. त्याच वर्षी ईबेने अख्खी जीएसआय विकत घेतली, पण खेळांच्या मालाचा धंदा रुबिन यांनी स्वतःकडे परत घेतला. २०१६ मध्ये मँचेस्टरची किटबॅग ही ऑनलाइन कंपनी घेऊन त्यांनी युरोपात पाय रोवले. आणि २०१७ मध्ये मॅजेस्टिक ही बेसबॉलचे कपडे शिवणारी कंपनीच घेतली.

हे शेवटचं पाऊल मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. वेबसाइटवाल्याला शिवणकामाचा कारखाना कशाला हवा? उत्तर आमच्या दुसऱ्या फटक्यात आहे. एक स्टार की दोन?

खेळाच्या मालाची मागणी एका रात्रीत येते आणि पंधरा दिवसांत विरते. कोण जिंकणार हे आधी माहीत नसतं. अमेरिकेत सुपर बोलच्या आधी दोन्ही टीम्सचे ‘चॅम्पियन’ लिहिलेले टी-शर्ट छापून तयार ठेवतात. शिट्टी वाजली की जिंकलेल्यांचे शर्ट लगेच विक्रीला. हरलेल्यांचे? ते अमेरिकेत कोणाला दिसू देत नाहीत. बरीच वर्षं वर्ल्ड व्हिजन आणि २०१५ पासून गुड ३६० या संस्थांमार्फत ते दूरच्या देशांतल्या गरजूंना पाठवले गेले. म्हणजे जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादं पोरगं कधीच न झालेल्या चॅम्पियनचा शर्ट घालून फिरतंय.

हा तोटा टाळायचा तर उपाय एकच. कोरं कापड तयार ठेवायचं, छपाई निकालानंतर करायची. त्यासाठी कारखाना हाताशी लागतो. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे बेसबॉल थांबलं, तेव्हा याच कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात जर्सीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडापासून मास्क आणि गाऊन शिवले गेले. कारखाना आपला असल्याचा हा असाही फायदा.

पण मोठ्यांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. २०२४ मध्ये नाइकीने डिझाइन केलेले आणि फॅनॅटिक्सने बनवलेले बेसबॉलचे नवे युनिफॉर्म आले, तेव्हा पाठीवरची नावं बारीक आणि पँट आरपार दिसते म्हणून खेळाडूंनीच तक्रारी केल्या. त्याआधी २०२३ च्या जुलैत मेस्सी इंटर मायामीत आला आणि त्याच्या गुलाबी जर्सीवर जगभरातून उड्या पडल्या. अदिदासकडे तेवढा मालच नव्हता. ऑर्डर देणाऱ्यांना थेट ऑक्टोबरची तारीख मिळाली. सीझन संपत येतो तेव्हा!

जर्सी एक, नावं किती

आपल्या क्रिकेट टीमची जर्सी बघा. किट बनवणारी कंपनी २०२० पर्यंत नाइकी, मग एमपीएल स्पोर्ट्स, २०२३ च्या सुरुवातीला काही महिने किलर, आणि जून २०२३ पासून अदिदास. छातीवरचं नाव आधी बायजूज, जुलै २०२३ पासून ड्रीम ११. मग ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला, ड्रीम ११ बाहेर पडली आणि आशिया कपमध्ये आपली टीम छातीवर कोणाचंही नाव नसलेली जर्सी घालून खेळली. त्यानंतर अपोलो टायर्स.

आपल्यासाठी ही बातमी. दुकानदारासाठी मात्र गोदामात पडलेला जुना माल. प्रत्येक बदलाबरोबर हजारो जर्सी एका दिवसात ‘गेल्या वर्षीच्या’ होतात. म्हणून तर स्वस्त जर्सीवर कमी तपशील असतात. अदिदासने टीम इंडियाची जर्सी बाजारात आणली ती तीन किमतींत. खेळाडूंसारखी ४,९९९ ला, त्याखालची २,९९९ ला आणि फॅन जर्सी ९९९ ला. हजाराच्या आत अधिकृत जर्सी मिळाली की पाचशेची डुप्लिकेट घेणारे थोडे तरी तिकडे वळतात. कोर्टकचेरीपेक्षा हा उपाय मला जास्त हुशारीचा वाटला.

सात समुद्र, सतरा फॉर्म

समजा, लायसन्स मिळालं. आता माल देशाबाहेर कसा जाणार? आमचं ‘गिफ्ट’ इथेच अडकलं होतं.

भारतातून विक्रीचा माल बाहेर पाठवायचा तर पहिल्यांदा लागतो आयईसी, म्हणजे इम्पोर्ट एक्स्पोर्ट कोड. केंद्र सरकारच्या डीजीएफटीकडून तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. निर्यातीवर जीएसटी शून्य असतो, पण त्यासाठी एलयूटी हे हमीपत्र आधी भरून द्यावं लागतं, नाहीतर टॅक्स भरून नंतर परत मागायचा. प्रत्येक वस्तूला जगभर चालणारा एचएस कोड असतो. विणलेल्या कापडाच्या टी-शर्टचा ६१०९ ने सुरू होतो. त्याच कापडाचा कॉलर असलेला जेन्ट्स शर्ट ६१०५ मध्ये जातो. एक कॉलर लावली की कोड बदलला!

पार्सल कुरिअरनेच पाठवायला हवं असं नाही. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं देशभरात हजाराहून जास्त आहेत. तालुक्याच्या गावातूनही छोटा व्यावसायिक तिथून कागदपत्रं ऑनलाइन भरून माल बाहेर पाठवू शकतो. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

मग पलीकडच्या देशाचे नियम. ते कधी बदलतील सांगता येत नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर ड्युटी लागत नव्हती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. कोणाकडून आणि कशी ड्युटी वसूल करायची हे स्पष्ट नसल्याने आपल्या पोस्टाने तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली. ती सुरू व्हायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. ऐन सणाच्या हंगामात छोट्या विक्रेत्यांची दीड महिना दांडी गुल!

ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर कस्टम ड्युटी नाही, पण २० टक्के व्हॅट विक्रेत्यानेच विकताना घ्यायचा आणि तिथल्या सरकारकडे भरायचा. म्हणजे तिकडे नोंदणी आलीच.

एक हिशोब मांडून बघू. आकडे समजा म्हणून घेतलेत. लंडनच्या गिऱ्हाइकाला जर्सी ३० पौंडांना विकली. त्यातले ५ व्हॅटचे, उरले २५. रॉयल्टी १२ टक्के धरली तर ३ गेले. बनवायला ५, पाठवायला ९, कार्ड पेमेंटचे सव्वा, जाहिरातीचे ३. हातात उरले पावणेचार. आता एखादा म्हणाला, ‘साइज बसत नाही, परत घ्या,’ आणि परतीचे ९ पौंड आपल्याला पडले, की दोन जर्सींचा नफा गेला आणि तिसरीलाही हात लागला.

म्हणून साइज चार्ट हा या साइटवरचा सगळ्यात महत्त्वाचा फोटो. भारतातला ‘लार्ज’ अमेरिकेत लार्ज असेलच असं नाही. एस-एम-एल लिहून भागत नाही, छातीचं माप इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत द्यावं लागतं. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. मात्र गिऱ्हाइकाचं स्वतःचं नाव छापून दिलेली वस्तू त्यातून वगळली आहे. नाव छापायच्या आधी साइट तीन-तीनदा ‘नक्की ना?’ विचारते, ती उगाच नाही.

दुपारी बाराला मध्यरात्र

आता वेबसाइट. कॉम्प्युटरवाल्या मित्रमैत्रिणींनो, हा भाग तुमचा.

‘नवी जर्सी दुपारी बाराला’ असं आपण जाहीर केलं, की उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे अडीच वाजलेले असतात, लंडनला सकाळचे साडेसात, सिडनीला दुपारचे साडेचार. न्यू जर्सीचा दादा उठेपर्यंत त्याचा साइज संपलेला. म्हणून काही माल प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा राखून ठेवावा लागतो.

बाराच्या ठोक्याला हजारो लोक एकदम येतात. शेवटची एक मीडियम जर्सी एकाच सेकंदाला चौघांच्या कार्टमध्ये पडली तर ती कोणाची? कार्टमध्ये टाकल्यावर काही मिनिटं ती राखून ठेवायची की पैसे भरेल त्याची? दोन्हींत कोणीतरी चिडणारच. पण चौघांचेही पैसे घेऊन तिघांना सॉरी म्हणणं सगळ्यात वाईट. म्हणून मोठ्या साइट्स रांग लावतात. ‘तुमच्या पुढे इतके लोक आहेत’ असं दिसतं, ते त्यासाठी.

पत्त्याचा फॉर्मही साधा नसतो. आपण सहा आकडी पिनकोड सक्तीचा केला तर अमेरिकेतला पाच आकडी बसत नाही, ब्रिटनच्या कोडमध्ये अक्षरं असतात आणि दुबईत तर पिनकोडच नाही! दुबईतला आपला माणूस बिचारा फॉर्मवरच अडकून बसतो. यूपीआयची सवय झालेल्या आपल्याला परदेशी कार्ड, वेगवेगळी चलनं आणि रोज हलणारा डॉलरचा भाव, हे सगळं नव्याने शिकावं लागतं.

आणि माणूस लागतोच. २०१९ मध्ये अदिदासने आर्सेनलच्या नव्या जर्सीसाठी ट्विटरवर गंमत केली. तुमचं युजरनेम पाठवा, ते पाठीवर छापलेल्या जर्सीचा फोटो आपोआप मिळेल. लोकांनी काय काय नावं पाठवली ते इथे छापता येणार नाही. कंपनीच्या अधिकृत अकाउंटवरून द्वेषाने भरलेल्या जर्सींचे फोटो गेले आणि ते सगळं बंद करावं लागलं. ‘आपोआप’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, ते यातून कळतं.

मग आपण काय करायचं?

एवढं वाचून ‘जाऊ दे, नोकरी बरी’ असं वाटलं असेल तर थांबा. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे एक काम आहे आणि ते शिकता येतं. लॉ करणाऱ्यांना लायसन्सिंगचे करार, कॉमर्सवाल्यांना रॉयल्टीचा हिशोब आणि निर्यातीची कागदपत्रं, फॅशन डिझाइनवाल्यांना साइज आणि कापड, आयटीवाल्यांना ती बाराच्या ठोक्याची रांग. आणि आमच्यासारख्या मास कॉमवाल्यांना? प्रॉडक्टचं चार ओळींचं वर्णन, जे वाचून लंडनमधल्या माणसाला कळेल की हा निळा नेमका कुठला निळा.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर या चार गोष्टी आधी करा.

एक, लोगो वापरण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोधा. शोध फुकट आहे. कपडे क्लास २५ मध्ये येतात, खेळाचं साहित्य २८ मध्ये.

दोन, मोठ्या टीमच्या मागे लागू नका. गावचं कबड्डी मंडळ, कॉलेजची टीम, जिल्ह्याची लीग यांनाही चाहते असतात. त्यांच्याकडून एका पानावर लेखी परवानगी घ्या. काय, कुठे, किती दिवस, किती टक्के, हे चारही त्यात लिहा.

तीन, आधी ऑर्डर घ्या, मग छापा.

चार, पार्सलवर खरं लिहा. वस्तू, किंमत, कारण. ‘गिफ्ट’ फक्त गिफ्टलाच म्हणायचं.

आणि त्या त्रेचाळीस?

ट्रेडमार्कचा ईमेल आल्यावर त्या विकायच्या नव्हत्या. लोगो कापडातच उतरलेला, त्यामुळे काढताही येत नव्हता. शेवटी एका रविवारी आम्ही दोघी कात्री घेऊन बसलो. पुढचा भाग कापून फेकला. पाठीच्या कापडाचे चौकोन केले. आमच्या डिपार्टमेंटचे व्हाइटबोर्ड अजून त्याच निळ्या फडक्याने पुसतात.

काकूंचे पैसे फेडायला आम्हाला चौदा महिने लागले. मी ट्यूशन्स घेतल्या, मैत्रिणीने लग्नाच्या पत्रिका डिझाइन केल्या. काकू एकदाही बोलल्या नाहीत. शेवटचा हप्ता दिला तेव्हा फक्त म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी मला आधी कागद दाखवा, मग पैसे मागा.’

मागच्या महिन्यात मैत्रिणीने त्यांना कागद दाखवला. इचलकरंजीजवळच्या एका कबड्डी मंडळाचं लेटरहेड, अध्यक्षांची सही, शिक्का. जर्सी आणि टी-शर्ट, दोन वर्षं, भारत आणि परदेश, विक्रीवर आठ टक्के मंडळाला. काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, ‘परदेशात कोण घेणार गं आपल्या मंडळाची जर्सी?’

पहिली ऑर्डर अकरा जर्सींची आहे. त्यातल्या दोन न्यू जर्सीला जायच्यात. दादाच्या शेजारी मंडळाचा जुना रेडर राहतो. या वेळी फॉर्मवर ‘गिफ्ट’ लिहिणार नाही.